कॅश लाइन ६४ बाइटची की १२८ ची? ड्रायव्हरमध्ये पुन्हा पुन्हा उगवणारा बिघाड

कॅश लाइन म्हणजे प्रोसेसरची कॅश (जवळची वेगवान मेमरी) मुख्य मेमरीतून एका वेळी जेवढा तुकडा उचलते तेवढा. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तिचा आकार चुकीचा धरला की तक्रार सहसा तीन रूपांत येते.

पहिलं रूप सर्वांत त्रासदायक. एक्स८६ वर महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला ड्रायव्हर आर्मच्या बोर्डावर नेला, आणि उपकरणाकडून आलेल्या डेटाच्या अगदी सुरुवातीच्या किंवा अगदी शेवटच्या काही बाइट्समध्ये कचरा दिसू लागला. कधी बफर शाबूत असतो, पण स्ट्रक्चरमध्ये त्याला खेटून बसलेला काउंटर अचानक जुन्या आकड्यावर जातो. प्रिंटके (लॉगमध्ये संदेश छापणारं फंक्शन) टाकला की बिघाड गायब, भार वाढवला की पुन्हा हजर. दुसऱ्या रूपात डेटा बरोबर असतो, पण तेच कार्ड १२८ बाइट लाइनच्या मशीनवर ओढल्यासारखं चालतं. तिसऱ्यात जुन्या धाटणीचं पीसीआय कार्ड असतं आणि डीबग लॉगमध्ये अमुक इतकी कॅश लाइन साइझ चालत नाही असा संदेश.

तिन्हींवर उपाय मात्र एकच केला जातो. कोडमध्ये कुठेतरी ६४ लिहिलेलं सापडतं, तिथे १२८ केलं जातं. बिघाड दबतो. पुढे वेगळा प्रोसेसर येतो आणि तेच दुखणं नव्या नावाने डोकं वर काढतं. याचं कारण साधं आहे: ‘कॅश लाइन किती बाइटची?’ हा एक प्रश्न नाहीच. ड्रायव्हरमध्ये त्या नावाखाली निदान चार वेगवेगळे प्रश्न विचारले जातात आणि एकाच मशीनवर त्यांची चार वेगळी उत्तरं बरोबर असू शकतात.

(खाली मॅक्रो आणि फंक्शनची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत, कोडमध्ये शब्दांच्या मधे अंडरस्कोर असतो.)

आधी प्रश्न ठरवा, मग आकडा

पहिला प्रश्न: मेमरीचा एक पट्टा कॅशमधून साफ करायचा आहे, तर लूपने किती बाइटची पावलं टाकायची? इथे उत्तर लहानात लहान लाइनचं हवं. पाऊल मोठं पडलं तर मधल्या लाइन साफ व्हायच्या राहून जातील. लहान पडलं तर फार तर तेच काम दोनदा होईल.

दुसरा प्रश्न: दोन गोष्टी एका लाइनमध्ये येऊ नयेत यासाठी त्यांच्यात किती अंतर ठेवायचं? इथे नेमकं उलट. मोठ्यात मोठी लाइन धरायची. अंतर जास्त झालं तर थोडी मेमरी वाया जाईल, कमी पडलं तर डेटा जाईल.

तिसरा: उपकरणाला सांगायचं आहे की या मशीनची लाइन अमुक बाइटची आहे, त्याप्रमाणे तू लिहायचं एकक ठरव. इथे लहान-मोठं काही नाही, मशीन चालू असताना जे खरं आहे तेच हवं. आणि चौथा: ते सांगताना रजिस्टरमध्ये कुठल्या एककात लिहायचं? बाइट, चार बाइटचे शब्द, की दोनाचा घात?

पहिल्या दोन प्रश्नांची दिशा उलटी आहे हे आर्मच्या रचनेतच दिसतं. ६४ बिट आर्ममध्ये ‘सीटीआर ईएल०’ नावाचं रजिस्टर आहे. त्यात डेटा कॅशची सर्वांत लहान लाइन सांगणारं एक क्षेत्र आहे आणि ‘कॅश राइटबॅक ग्रॅन्युल’ (कॅशमधून परत लिहिताना एका वेळी मेमरीचा जास्तीत जास्त किती भाग लिहिला जाऊ शकतो) हे दुसरं. दोन्ही चार बाइटच्या शब्दांत आणि दोनाच्या घातांत लिहिलेली असतात. एका चिपवर दोन जातीचे कोर असतील तर लिनक्स कर्नल पहिल्या क्षेत्रासाठी सगळ्यांतली कमी किंमत सुरक्षित मानतं आणि दुसऱ्यासाठी जास्त. पहिलं लूपच्या पावलांसाठी, दुसरं अंतरासाठी.

हा भेद न पाळल्याचं एक गाजलेलं उदाहरण २०१६ मधलं आहे. एक्झिनोस ८८९० चिपमध्ये मोठ्या कोरची लाइन १२८ बाइटची आणि लहान कोरची ६४ ची होती. मोनो या डॉटनेट प्रणालीच्या रनटाइमने लाइनचा आकार एकदा वाचून जपून ठेवला. तो मोठ्या कोरवर वाचला गेला आणि धागा (थ्रेड) नंतर लहान कोरवर गेला, तर इन्स्ट्रक्शन कॅश साफ करताना दर दुसरी लाइन सुटायची आणि प्रोग्रॅम विनाकारण कोसळायचा. ते प्रकरण ड्रायव्हरचं नव्हतं, पण धडा तोच: वाचलेला आकडा खरा होता, फक्त विचारलेल्या प्रश्नाचा नव्हता.

कर्नलमधली नावं आणि त्यांच्या खोड्या

‘एल१ कॅश बाइट्स’ हा कर्नल बांधतानाच ठरलेला स्थिरांक आहे. ज्या मशीनवर कर्नल चालेल तिथली लाइन तेवढीच असेल अशी हमी तो देत नाही. एकच आर्म६४ इमेज ६४ बाइट लाइनच्या कॉर्टेक्स कोरवर चालते, १२८ बाइटच्या थंडरएक्सवर चालते आणि २५६ बाइट लाइनच्या ए६४एफएक्सवरही चालते. मधल्या काळात आर्म६४ वर हा स्थिरांक १२८ केलेला होता. २०१८ मध्ये तो पुन्हा ६४ वर आणला गेला आणि डीएमएसाठीची (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) किमान अलाइनमेंट (पत्ता किती बाइटच्या पटीत हवा ते) वेगळी १२८ ठेवली गेली. तेव्हापासून त्या आर्किटेक्चरवर ही दोन नावं उघडपणे दोन वेगळे आकडे सांगतात. तरी जुना ड्रायव्हर चाळला की पहिलं नाव दुसऱ्याच्या जागी बसलेलं हमखास सापडतं.

‘आर्क डीएमए मिनअलाइन’ हा अंतराच्या प्रश्नाचा आकडा, आणि तोही फक्त डीएमएपुरता. ‘कॅश लाइन साइझ’ हे फंक्शन, जिथे आर्किटेक्चरने दिलं असेल तिथे, चालू मशीनला विचारून उत्तर देतं. नाहीतर गुपचूप ‘एल१ कॅश बाइट्स’ परत करतं. आर्म६४ वर फर्मवेअरने लाइनचा आकार कळवला नसेल तर ते राइटबॅक ग्रॅन्युल वाचतं आणि त्या क्षेत्रात शून्य असेल तर १२८ धरतं. एक्स८६ वर आकडा सीपीयूआयडी सूचनेतून येतो. तिच्या पहिल्या पानावर ईबीएक्सच्या ८ ते १५ या बिटांत जे असतं त्याला आठाने गुणलं की सीएलफ्लश या कॅश साफ करणाऱ्या सूचनेची लाइन मिळते, आजच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरवर ६४.

आता सर्वांत फसवं नाव: ‘डीएमए गेट कॅश अलाइनमेंट’. ऐकायला अगदी आपल्याच कामाचं वाटतं. पण एक्स८६ वर डीएमए हार्डवेअरनेच कॅशशी सुसंगत ठेवलेलं असतं, वेगळ्या अलाइनमेंटची गरज नसते, म्हणून तिथे हे फंक्शन १ परत करतं. हा आकडा बफरच्या अंतरासाठी वापरला तर काहीच बिघडत नाही. तोच उपकरणाच्या रजिस्टरमध्ये लिहिला की कार्डाला आपण सांगितलेलं असतं की या मशीनची कॅश लाइन एका बाइटची आहे. काही कार्डं मुकाट्याने दुर्लक्ष करतात, काही सर्वांत लहान बर्स्ट (एका दमात पाठवायचा तुकडा) निवडतात आणि ‘एक्स८६ वरच हळू का?’ असा उलटा शोध सुरू होतो.

‘कॅशलाइन अलाइन्ड इन एसएमपी’ या खुणेचीही अशीच गंमत आहे. ती अनेक प्रोसेसर एकाच लाइनसाठी भांडू नयेत म्हणून आहे. एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये तिचं काही उरत नाही, ती रिकामी होते. डीएमए बफरवर ही खूण लावली असेल तर लहान एम्बेडेड बोर्डावर, म्हणजे जिथे नॉन-कोहिरंट (कॅशशी आपोआप न जुळणारं) डीएमए असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच संरक्षण नाहीसं होतं. ‘इन एसएमपी’ नसलेली खूण थोडी बरी, पण तीही ‘एल१ कॅश बाइट्स’ इतकीच अलाइनमेंट देते. आर्म६४ वर ६४, म्हणजे हवी त्याच्या निम्मी. इंडस्ट्रियल आय/ओ उपप्रणालीत डझनावारी सेन्सर ड्रायव्हरांमध्ये हीच खूण होती. २०२२ मध्ये ती सगळीकडून काढून ‘आयआयओ डीएमए मिनअलाइन’ आणावी लागली.

पहिला बिघाड: कडेचे बाइट बिघडतात

नेमकं काय होतं ते एकदा पायरीपायरीने पाहू, कारण ते कळलं की अर्धे चुकीचे उपाय आपोआप गळून पडतात.

समजा बफरचे पहिले १६ बाइट आणि एक काउंटर एकाच लाइनमध्ये आहेत. डीएमए नॉन-कोहिरंट आहे, म्हणजे उपकरण थेट मेमरीत लिहितं आणि प्रोसेसरच्या कॅशला त्याचा पत्ता नसतो. ड्रायव्हरने बफर मॅप केला (उपकरणाला वापरायला दिला), कर्नलने त्या लाइन साफ करून उपकरणाच्या हवाली केल्या. उपकरण लिहायला लागलं. तेवढ्यात दुसऱ्या कोरवर कोणीतरी काउंटर एकने वाढवला. त्यासाठी पूर्ण लाइन कॅशमध्ये ओढली गेली, बफरच्या जुन्या १६ बाइट्ससकट, आणि लाइन आता डर्टी आहे, म्हणजे तिच्यात मेमरीत न पोचलेला बदल आहे. उपकरणाने मेमरीत नवे १६ बाइट लिहिले. आता अनमॅप करताना कर्नलपुढे दोनच वाटा आहेत. लाइन टाकून द्यावी तर काउंटरची वाढ हरवते. लाइन मेमरीत लिहावी तर उपकरणाने आणलेला डेटा जुन्याखाली गाडला जातो. तिसरी वाट नाही.

आर्म६४ वर पट्ट्याची कड लाइनच्या मध्यावर आली तर ती कडेची लाइन नुसती टाकून न देता आधी लिहून मग टाकतात. म्हणजे शेजाऱ्याचा डेटा वाचतो आणि बफरची कड मरते. म्हणूनच तिथे तक्रार बहुधा ‘पॅकेटचा शेवट बिघडला’ अशी येते. आणि कॅशने जागा रिकामी करण्यासाठी ती लाइन मधेच स्वतःहून मेमरीत लिहून टाकली, तर अनमॅपची वाट न पाहताच घात होतो. त्यामुळे जादा सिंक (कॅश आणि मेमरी जुळवून घेणारी हाक) टाकणं, क्रम बदलणं, मेमरी बॅरियर पेरणं यांपैकी कशानेच हा बिघाड जात नाही. वेळा बदलल्याने तो काही दिवस लपतो, एवढंच.

शोधायला सुरुवात बिघडलेल्या बाइटच्या पत्त्यापासून करा. पत्त्याला ६४ ने आणि १२८ ने भागून बाकी काढा आणि कचरा बफरमध्ये कुठे आहे ते पाहा. फक्त पहिल्या किंवा शेवटच्या अपुऱ्या लाइनमध्ये असेल तर लाइन वाटून घेतली जातेय हे जवळजवळ नक्की. कचरा बफरच्या मधोमध असेल, ६४ च्या पटीत सुरू होऊन ६४ च्या पटीत संपत असेल, तर वाटणीचा संशय सोडा. तिथे सिंक विसरलेलं असतं, नाहीतर डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेलं बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) ‘डीएमए कोहिरंट’ हा गुणधर्म चुकीने लावलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात कर्नल कॅशची काही काळजीच घेत नाही, कारण उपकरण कोहिरंट आहे अशी त्याची समजूत करून दिलेली असते. एसीपीआय (हार्डवेअरचं वर्णन फर्मवेअरकडून मिळण्याची दुसरी पद्धत) असलेल्या मशीनवर हीच माहिती ‘सीसीए’ या वस्तूतून येते. अलाइनमेंट कितीही सुधारली तरी हा दोष तसाच राहतो, म्हणून तो आधी तपासून बाजूला काढलेला बरा.

संशय पक्का करायला सोपी परीक्षा आहे: तो बफर तात्पुरता स्वतंत्र पूर्ण पानावर घ्या. बिघाड थांबला तर शेजार हेच कारण. मग पाहोल हे साधन स्ट्रक्चरवर चालवा. प्रत्येक सदस्य कितव्या बाइटला आहे आणि लाइनची सीमा कुठे पडते ते ते छापतं. मात्र ते गृहीत धरतं त्या लाइनच्या भरवशावर राहू नका, आकार पर्यायातून १२८ द्या. कर्नलमध्ये ‘डीएमए एपीआय डीबग’ चालू केलं तर एकाच लाइनवर दोन मॅपिंग चढली की इशारा मिळतो. शेजारी साधा काउंटर असेल तर मात्र ते गप्प राहतं, कारण काउंटर कोणी मॅप केलेला नसतो. त्यामुळे इशारा नाही म्हणजे दोष नाही असं समजू नये.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. बफर वेगळा केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागण्याचं फंक्शन) घ्या, हे सर्वांत सरळ. किंवा स्ट्रक्चरमध्येच ठेवायचा असेल तर ‘आर्क डीएमए मिनअलाइन’ इतकी अलाइनमेंट देऊन तो अगदी शेवटी ठेवा. शेवटी का, तर सुरुवात सीमेवर आणल्याने फक्त पुढची बाजू सुटते. मागून कोणी सदस्य आला तर शेपटीची लाइन पुन्हा वाटली जाते. शेवटी ठेवल्यावर कम्पायलर स्ट्रक्चरचा आकारच त्या पटीत वाढवतो आणि शेपूट मोकळी राहते. एकाच वेळी वापरले जाणारे पाठवण्याचा आणि घेण्याचा असे दोन बफर असतील तर दोघांनाही वेगवेगळी अलाइनमेंट हवी.

इथे एक बारीक फट राहते, आणि ती मला सर्वांत धोकादायक वाटते. स्ट्रक्चरवर लिहिलेली अलाइनमेंट म्हणजे कम्पायलरने गृहीत धरलेली गोष्ट. ज्याने मेमरी दिली त्याने ती पाळली तरच खरी. केमॅलॉक पाळतो. पण ड्रायव्हरचं खासगी स्ट्रक्चर पुष्कळदा उपप्रणालीच्या मोठ्या स्ट्रक्चरच्या पोटात मिळतं. नेटवर्क उपकरणांचा खासगी भाग वर्षानुवर्षं फक्त ३२ बाइटच्या सीमेवर येत असे. तिथे आत १२८ ची अलाइनमेंट मागूनही पत्ता प्रत्यक्षात तसा येत नव्हता. म्हणून एकदा तरी खरा पत्ता छापून बाकी शून्य येते का ते पाहाच.

कर्नल ६.५ पासून चित्र थोडं बदललं आहे, आणि त्यामुळे नवा गोंधळही. त्याआधी आर्म६४ वर आठ बाइट मागितले तरी केमॅलॉक १२८ चा तुकडा द्यायचा, मेमरी वाया जायची पण डीएमए सुरक्षित राहायचं. ६.५ पासून खरोखर लहान तुकडे मिळतात. नॉन-कोहिरंट उपकरणाकडून घेण्यासाठी असा लहान बफर मॅप केला तर कर्नल तो बाउन्स बफरमधून (मधला सुरक्षित बफर, तिथून डेटा कॉपी होतो) नेतं. हे चांगलंच झालं, पण हा निर्णय बफरचा आकार पाहून होतो, पत्ता पाहून नाही. आकार अलाइनमेंटच्या हिशेबात बसत असेल तर केमॅलॉकने तो नीट जागीच दिला असणार असं धरलं जातं. स्ट्रक्चरच्या मधेच अडकलेला, आकाराने व्यवस्थित पण पत्त्याने वाकडा बफर या जाळ्यातून सुटतो. ‘नव्या कर्नलमध्ये हे आपोआप सुटतं’ असं कोणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. शिवाय छोट्या बफरची प्रत्येक फेरी बाउन्समधून जाणं फुकट नसतं.

बूटच्या वेळी आर्म६४ वर ‘आर्क डीएमए मिनअलाइन’ हा राइटबॅक ग्रॅन्युलपेक्षा लहान आहे असा इशारा आणि कर्नल टेंटेड (दोषाची खूण लागलेलं) दिसलं, तर ड्रायव्हर दुरुस्त करत बसू नका. त्या चिपवर नॉन-कोहिरंट उपकरणांसाठी कर्नलची गृहीतकंच अपुरी आहेत. कोहिरंट उपकरणांना हा इशारा लागू नाही आणि येतही नाही, म्हणूनच २५६ बाइट लाइनचं मशीन त्याच कर्नलवर सुखाने चालतं.

दुसरा बिघाड: डेटा बरोबर, वेग कमी

इथे उपकरणाला लाइनचा आकार सांगण्याचा प्रश्न येतो. वेगवान नेटवर्क कार्ड काम झाल्याची नोंद ६४ बाइटच्या एककात मेमरीत लिहितं. लाइन ६४ ची असेल तर प्रत्येक नोंद म्हणजे पूर्ण लाइन. लाइन १२८ ची असेल तर प्रत्येक नोंद अर्धी लाइन ठरते, आणि अर्धी लाइन लिहायची तर यजमान बाजूला उरलेली अर्धी आधी वाचून जोडावी लागते. म्हणून अशा कार्डांत नोंद १२८ पर्यंत भरून लिहिण्याची सोय असते. मेलनॉक्सच्या एमएलएक्स५ ड्रायव्हरमध्ये ही क्षमता कार्डात आहे का ते आधी विचारतात, आणि ‘कॅश लाइन साइझ’ फंक्शनचं उत्तर १२८ किंवा जास्त असेल तर ती चालू करतात.

त्या कोडमधल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, आकडा चालू मशीनकडून घेतला आहे, कर्नल बांधतानाचा नाही. ‘एल१ कॅश बाइट्स’ वापरला असता तर १२८ लाइनच्या आर्म६४ मशीनवर सोय बंदच राहिली असती आणि कुणाला कळलंही नसतं, कारण काहीच मोडत नाही. दोन, तुलना ‘बरोबर १२८’ अशी नाही, ‘१२८ किंवा जास्त’ अशी आहे. २५६ चं मशीन आलं म्हणून सोय बंद पडत नाही.

मात्र नोंदीचा आकार बदलणं हे नुसतं वेगाचं बटण नाही. ड्रायव्हर आणि कार्ड दोघांचं त्यावर एकमत लागतं. १२८ च्या नोंदीत कामाचे ६४ बाइट शेवटच्या अर्ध्यात असतील आणि ड्रायव्हर सुरुवातीला वाचत बसला, तर मालकीचा बिट (नोंद कार्डाची की ड्रायव्हरची ते सांगणारा) कधीच पालटलेला दिसत नाही. कार्ड काम करतंय, इंटरप्ट येतायत, रांग मात्र पुढे सरकत नाही. असं दिसलं तर आधी रांगेची पहिली चार-पाच एककं कच्ची छापा. डेटा एक आड एक जागी दिसला की निदान झालं.

काही उपकरणांच्या रजिस्टरमध्ये फक्त ठरावीक आकारांचे संकेत असतात. जुन्या ट्युलिप नेटवर्क ड्रायव्हरमधली वागणूक इथे नमुना म्हणून घ्यावी. त्या चिपला ८, १६ किंवा ३२ शब्दांची लाइन सांगता येते. यांतलं काही जुळलं तर ड्रायव्हर तसा संकेत लिहितो, नाही जुळलं तर जवळचा आकडा ठोकून देत नाही, ती सोयच बंद करतो आणि पुढे जातो. अनोळखी आकार दिसला म्हणून प्रोब (ड्रायव्हरने उपकरण ताब्यात घेण्याची पायरी) नापास करणं किंवा कर्नल पाडणं हा आगाऊपणा आहे. लाइन १६ बाइटची असू शकते, जुन्या पॉवरपीसी ८एक्सएक्सवर ती तशी आहे. एस३९० वर ती २५६ ची आहे.

तिसरा बिघाड: पीसीआयचं रजिस्टर

पीसीआयच्या कॉन्फिगरेशन जागेत हेक्स ०सी या ऑफसेटवर एक बाइटचं कॅश लाइन साइझ रजिस्टर असतं. एकक बाइट नाही, चार बाइटचा शब्द. ६४ बाइटसाठी १६ लिहायचे, म्हणजे हेक्समध्ये १०. तिथे सरळ ६४ लिहिले तर कार्डाला २५६ बाइटची लाइन सांगितली जाते. एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलात हा आकडा बाइटमध्ये करून दाखवते आणि सेटपीसीआय ही आज्ञा शब्दांत, हेक्समध्ये. एकाचा आकडा पाहून दुसऱ्यात टाइप केला की चूक ठरलेली.

कार्डाला तो आकार झेपत नसेल तर शून्य लिहिल्यासारखं त्याने वागावं अशी पीसीआयच्या नियमांत मुभा आहे. म्हणून लिहिल्यावर परत वाचणं आवश्यक आहे. ‘पीसीआय सेट एमडब्ल्यूआय’ हे फंक्शन तेच करतं: आधीचा आकडा योग्य किंवा त्याच्या पटीत असेल तर हात लावत नाही, नाहीतर लिहितं, परत वाचतं, जुळलं नाही तर चूक परत करतं आणि जुळलं तरच मेमरी राइट अँड इनव्हॅलिडेटचा (एमडब्ल्यूआय, म्हणजे पूर्ण लाइन एकदम लिहिण्याची सोय) बिट लावतं. ही सोय नसली तरी चालणार असेल तर ‘पीसीआय ट्राय सेट एमडब्ल्यूआय’ वापरा. ड्रायव्हरने रजिस्टरला स्वतः हात घालण्याची गरज क्वचितच असते.

फर्मवेअरने रजिस्टर शून्य ठेवलं असेल तर ते शून्य कोण वाचतं ते पाहा. टीजी३ हा नेटवर्क ड्रायव्हर शून्य दिसलं की १०२४ बाइट धरून आपला डीएमए हिशेब करतो. एटीएच५के हा वाय-फाय ड्रायव्हर शून्य दिसलं की ‘एल१ कॅश बाइट्स’वरून आकडा काढून रजिस्टरमध्ये लिहितो. आपल्या ड्रायव्हरमध्ये शून्याने भागणारा किंवा शून्याच्या पटीत गोल करणारा हिशेब असेल तर बिघाड तिथेच आहे.

रीसेटनंतर हा आकडा पुसला जातो. कर्नलचं सेव्ह-रिस्टोर पहिले ६४ बाइट जपतं, त्यात हे रजिस्टर येतं. ड्रायव्हरने स्वतःच्या रजिस्टरमधून कार्ड रीसेट करून जपलेली स्थिती परत लिहिली नाही, तर पहिल्यांदा वेगवान आणि पहिल्या रीसेटनंतर हळू असं कार्ड मिळतं.

कार्ड पीसीआय एक्सप्रेसचं असेल तर या रजिस्टरवर वेळ घालवू नका. ते जुन्या सॉफ्टवेअरसाठी लिहिता-वाचता येतं, बसच्या कामावर त्याचा परिणाम नाही. तिथे वेग कमी असेल तर मॅक्स पेलोड आणि मॅक्स रीड रिक्वेस्टचे आकार पाहा. अपवाद एकच: ड्रायव्हर स्वतः ते रजिस्टर वाचून त्यावरून बफर कापत असेल तर.

पॅच पाठवण्याआधी

कोहिरंट मशीनवर तपासून समाधान मानू नका. एक्स८६ वर पहिल्या प्रकारचा बिघाड दिसणारच नाही. आणि उपकरणात लाइनचा बिट असेल तर तो लावण्याइतकाच काढण्याचाही कोड लिहा. केएक्झेकने (मशीन पूर्ण रीबूट न करता थेट दुसरं कर्नल चालू करण्याची सोय) नवं कर्नल आलं तेव्हा कार्ड रीसेट झालेलंच असेल असं नाही. आधीच्या ड्रायव्हरने १२८ चा बिट लावून ठेवला असेल आणि नवा ‘गरज असेल तरच एक लिही’ असं म्हणत असेल, तर तो ६४ समजून रांग वाचू लागतो आणि कार्ड १२८ ने लिहीत राहतं.